आगोटीच्या कामांत शाळेचे नेटवर्कही धरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना म्हणजे कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची लगबग. शाळांची कौले परतली जातात, गळक्या वर्गखोल्यांचे प्रस्ताव पंचायत समितीकडे जातात आणि पाठ्यपुस्तके वेळेत पोहोचतील ना, याची विचारपूस सुरू होते. या यादीत शाळेच्या इंटरनेट जोडणीचा आणि संगणकात साठलेल्या मुलांच्या माहितीचा उल्लेख कुठेच नसतो, म्हणून हे पत्र. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात माझा संगणक दुरुस्तीचा व नेटवर्क जोडणीचा व्यवसाय आहे आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचा मी सदस्यही आहे.

वाडीवरची एखादी दोनशिक्षकी शाळा घ्यावी. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या कपाटावर राउटर, म्हणजे इंटरनेट सर्व यंत्रांना वाटून देणारा डबा असतो, त्याच्या पोटावर छापलेला मूळ पासवर्ड कोणी बदललेला नसतो आणि वायफायचा पासवर्ड म्हणजे शाळेचे नाव व पुढे एक-दोन-तीन. त्या एकाच जोडणीवर कार्यालयातला संगणक, वर्गातला स्मार्ट टीव्ही, मुलांचे टॅब व कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर चालतो, आणि संध्याकाळी शाळेच्या पडवीत बसणाऱ्या तरुणांचे मोबाइलही. कार्यालयातल्या संगणकात मात्र प्रत्येक मुलाचा आधार क्रमांक, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खाते आणि जातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत असते. ही माहिती शाळेने हौसेने जमवलेली नाही, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळासाठी आणि शिष्यवृत्तीच्या कामासाठी शासनानेच ती मागितलेली आहे. राउटरचा पासवर्ड बदलणे, त्याचे फर्मवेअर (आतली मूळ प्रणाली) अद्ययावत करणे आणि बहुतेक नव्या राउटरमध्ये असलेली ‘गेस्ट’, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या वायफायची सोय सुरू करून टॅब, टीव्ही व बाहेरचे मोबाइल तिकडे वळवणे, हे तासाभराचे काम आहे. त्याला निविदा लागत नाही.

कॅमेऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते धोका तिथे सर्वाधिक आहे आणि बोलणे सर्वांत कमी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. हेतू योग्यच होता. प्रत्यक्षात मात्र ग्रामपंचायतीच्या किंवा देणगीदाराच्या पैशांतून कॅमेरे बसवणारा माणूस, सरपंचांना मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून, राउटरमधून डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, बाहेर खुला करून जातो, ‘अ‍ॅडमिन’ हे नाव व कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवतो, आणि बिल मिळाले की त्याचा शाळेशी संबंध संपतो. असे डीव्हीआर हुडकायला कोणाला आपल्या गावात यावे लागत नाही, कारण खुले पोर्ट शोधणाऱ्या संगणकीय प्रणाली रात्रंदिवस तेच काम करत असतात. राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीचे चित्रण बाहेर जाऊन इंटरनेटवर विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. तेथेही मूळ पासवर्ड बदललेला नव्हता, असे तपासाच्या बातम्यांत आले. शाळांमधले खुले पोर्ट बंद व्हावेत, पासवर्ड बदलावेत आणि चित्रण कोणकोण पाहू शकते याची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात असावी. सरपंचांनी शाळेतले चित्र घरी बसून पाहावेच असे नाही.

दुसरा प्रश्न जुन्या संगणकांचा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आणि शाळांतले बरेच संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्याची गरज नाही, त्यांवर लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली उत्तम चालते. केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ या राज्य शासनाच्याच कंपनीने लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवली आहे, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले आहे आणि विद्यार्थ्यांचे तंत्रगटही उभे केले आहेत. आपल्याकडे साधने येतात, त्यांच्यामागे माणूस येत नाही.

बॅकअपबाबत, म्हणजे माहितीची जादा प्रत ठेवण्याबाबत, कोकणाला तरी वेगळे सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले. निसर्ग वादळाने त्याच्या आदल्या वर्षी रायगड व उत्तर रत्नागिरीत छपरे उडवली. तरीही अनेक ठिकाणी बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते किंवा त्याच टेबलाच्या खणात असते. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही आणि पाणी तर खणालाही सोडत नाही. एक प्रत केंद्रशाळेत, पासवर्डने सुरक्षित करून ठेवावी आणि तिच्यातली एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहावी.

मुख्याध्यापकांचे लॉगिन हा नाजूक विषय आहे. गावात नेट नसले की यू-डायसची माहिती बाजारपेठेतल्या ऑनलाइन केंद्रात भरली जाते आणि पासवर्ड तिथल्या ब्राउझरमध्ये जतन होऊन राहतो. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर बँकेच्या किंवा शासकीय योजनेच्या नावाने एपीके फायली (मोबाइलवर थेट अॅप बसवणाऱ्या) फिरतात, त्या उघडून अनेकांनी पैसे गमावले आहेत. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करावा, हे शाळेच्या सूचनाफलकावर लिहिलेले असावे.

हे सारे शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडे आधीच पोषण आहारापासून मतदारयाद्यांपर्यंत सगळे आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला १० हजार रुपयांचे, आणि कोकणातल्या कितीतरी शाळांचा पट तेवढाही नाही. त्यातून वीजबिल भरायचे की नेटवर्कवाल्याला बोलवायचे? दुसरीकडे, डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी ती साठवणाऱ्यावर टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. उद्या माहिती फुटली तर मुख्याध्यापकांकडे बोट दाखवून वरचे अधिकारी मोकळे होणार नाहीत, अशी आशा आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांनी प्रत्येक तालुक्याला किमान एक नेटवर्क तंत्रज्ञ मानधनावर नेमावा, त्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जाहीर करावे, आणि शाळा उघडण्यापूर्वी निदान राउटर व डीव्हीआर यांची तपासणी पुरी करावी. पाऊस लागला की वाडीवरच्या शाळांत पोहोचणेच कठीण होते, तेव्हा हा आदेश मे महिन्यातच निघायला हवा.

आपला नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी