वागळे इस्टेटच्या इंजिन बोअरिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या 1089 सीसी इंजिनाचे मूळ पिस्टन मिळेनासे झाले, तेव्हा दुसऱ्या गाडीचे पिस्टन कसे पारखायचे हे तुम्ही ठाण्यातल्या आम्हा जुन्या गाडीवाल्यांना मायक्रोमीटर हातात देऊन शिकवलंत. त्याचे हे जाहीर आभार.

स्पेअर पार्टच्या दुकानात आधी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, विचारतात. तुम्ही आधी विचारता, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत उंची किती? बोअर वाढवता येतो, स्लीव्ह (आतली नळी) घालून पुन्हा 68 मिमीवर आणता येतो. ही उंची मात्र पिस्टनबरोबरच येते. माथा 1 मिमी खाली राहिला की चेंबरमध्ये साधारण 3.6 सीसी जागा वाढते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 8 असेल तर 7.4 वर येतं आणि गायमुखच्या घाटात गाडी दमते. 1 मिमी वर गेला तर 8.7 होतं, इंजिन नॉकिंग करतं (इंधन अवेळी पेटून ठोके पडतात), शिवाय माथा हेडला भिडायची भीती. उंच पिस्टनचा माथा लेथवर उतरवायला तुमचा ठाम नकार असतो, आणि तो योग्यच आहे: पातळ झालेला माथा उष्णता पेलत नाही, वरची रिंगही आगीच्या जवळ येते.

पिन बारीक असेल तर रॉडच्या डोळ्यात नवा बुश (आतली कडी) घालून रीमर मारून भोक मापात आणता येतं. जाड असेल तर रॉडचा डोळा कोरावा लागतो, भिंत पातळ होते. तो सेट परत करावा. चारही पिस्टन वजनाला सारखे हवेत, दोन-तीन ग्रॅमच्या आत. पिस्टन अगदी खाली असताना स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) क्रँकला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघायचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा माथ्यावर प्लॅस्टिसिन ठेवून मोजायची. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी असली की निश्चिंत.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या एका नियमाचे: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवायचा नाही. पिस्टन गोल नसतोच, किंचित लंबगोल आणि वर निमुळता असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, पिनला काटकोनात स्कर्ट मोजायचा आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्याच पिस्टनच्या मापाला होन करायचा (दगडाने घासून शेवटचं माप द्यायचं). फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्सही (सिलिंडरशी मोकळी फटही) जास्त लागतो. साध्या पिस्टनचा आकडा त्याला लावला की तो गरम होऊन जाम होतो. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधला गॅप 0.25 ते 0.30 मिमी आहे का बघायचं. कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि बोअरवर ओरखडे उठतात.

बोअरिंगच्या बिलामागे चारही सिलिंडरची मापं तुम्ही न मागता लिहून देता. ते कागद आम्ही गाडीच्या आरसीबरोबर जपून ठेवले आहेत.

आपले,
ठाण्यातले पद्मिनीवाले