सुधाकर, रेग्युलेटर कुठे आहे?

सातारा

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या आणि आता ओटा तुझ्या ताब्यात, हे फोनवर ऐकून हसलो. पण "रेग्युलेटर फिरवायचा कुठल्या बाजूला रे?" असं तू विचारलंस आणि हसू मावळलं. आपल्या पिढीच्या पुरुषांनी गॅससाठी नंबर लावले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, पण टाकी बदलायची बायकोनं नाहीतर पोरानं. एजन्सीत तक्रारी घ्यायला बसायचो तेव्हा 'वास येतोय' म्हणून पुरुषाचा फोन आला, की रेग्युलेटर हमखास चालूच असायचा! फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून हे लिहितोय.

तर, रेग्युलेटरवर ऑन-ऑफ लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाच. रात्री झोपताना आणि बाहेरगावी जाताना तिथूनच बंद करायचं, नुसत्या शेगडीच्या नॉबवर विसंबायचं नाही. नॉब बंद असला तरी रेग्युलेटर चालू असेपर्यंत नळीत गॅस भरलेलाच असतो.

वासाचं नीट समजून घे. या गॅसला मूळचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, फ्रिजमागे, मोरीत साचतो. हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. म्हणून सकाळी स्वयंपाकघरात शिरताना आधी नाक, मग दिव्याचं बटण. वास आला तर कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवावा असं हटकून सुचतं, तेच नेमकं करायचं नाही. रेग्युलेटर बंद कर, जळतं काही असेल तर विझव, दारं-खिडक्या उघड. गॅलरीचं दार तर आधी, कारण जड गॅस खिडकीच्या उंचीपर्यंत चढत नाही. मग घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन कर. तो नंबर चोवीस तास चालतो.

नवी टाकी आली की डिलिव्हरीवाल्याला दारातूनच परत पाठवू नकोस. ही तुझी जुनी सवय, चहा विचारशील पण सील तपासणार नाहीस. सील त्याच्यासमोर काढ. तोंडाशी पाण्याचे दोन थेंब टाकायला सांग. बुडबुडे आले तर आतला व्हॉल्व्ह गळतोय. दोऱ्याला बांधलेलं टोपण लावून टाकी परत दे. शंका वाटली तर वजन करून घे. गॅस १४.२ किलो हवा, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर 'बी २७' असं काहीतरी दिसेल. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, तेव्हा बी २७ म्हणजे टाकीच्या तपासणीची मुदत २०२७ च्या एप्रिल ते जून. मुदत टळलेली टाकी घेऊ नकोस.

वहिनींचं देवघर स्वयंपाकघरातच आहे ना? मग टाकी बदलण्याआधी समई मालव, उदबत्तीही. देव रागावणार नाही. रेग्युलेटरचं खालचं काळं कडं वर ओढून तो टाकीच्या तोंडावर बसवायचा आणि कडं सोडायचं; खट् आवाज आला की बसला. जोडाजवळ गळती आहे का ते साबणाच्या पाण्यानं बघ. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत. टाकी उभीच ठेव, शेगडी तिच्यापेक्षा उंच.

नळी केशरी रंगाची, आयएसआय छापाची असावी. तिचं आयुष्य पाच वर्षं, वर्ष तिच्यावर छापलेलं असतं. नळी तेलकट होऊ नये म्हणून तिच्यावर कापड गुंडाळायची काही घरांत पद्धत आहे. ते काढून टाक. आत उंदरानं कुरतडलंय की चिरा पडल्यात, काही दिसत नाही.

शेगडीचं म्हणशील तर तुझ्या बाबतीत मला भीती एकाच गोष्टीची, दुधाची. दूध तापत ठेवून तू पेपर उघडणार. ते उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. ओट्यापाशी उभा राहा, पेपर कुठे पळून जात नाही. ज्योत पिवळी पडली, भांड्यांची बुडं काळी होऊ लागली, तर बर्नरची भोकं बुजलीत असं समज. गार झाल्यावर ब्रशनं घास, तरीही फरक पडला नाही तर मेकॅनिक बोलाव. खांद्यावर पंचा टाकून फोडणी करू नकोस. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण सरकव. पाणी टाकलंस तर जळतं तेल अंगावर उडेल.

बाथरूममध्ये तुमचा गॅस गीझर अजून आहे का? खिडकी बंद ठेवून आंघोळ करू नकोस. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो आणि त्याला वास नसतो, तिथे नाक काही कामाचं नाही. मला विचारशील तर तो काढूनच टाक.

तुमच्या सोसायटीत पाइपचा गॅस येणार म्हणत होतास. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे गळाला तर छताकडे जातो. ही शेगडी तशीच त्याला जोडायची नाही, बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, म्हणजे जेट, बदलावे लागतात. ते काम त्यांच्या माणसाकडूनच करून घे.

वहिनींना माझा नमस्कार सांग. आणि हे पत्र ठेवून देण्याआधी ओट्याखाली वाकून नळीवरचं वर्ष वाच आणि मला कळव.

तुझा,
अरविंद