विषय : मानदुखीच्या ॲपची प्रीमियम वर्गणी परत मिळणे व चुकीच्या व्यायामाबाबत लेखी खुलासा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आजच्या फोननंतर तुमच्या ग्राहक सेवेशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी कळवते आहे. मानदुखीसाठी लेव्हलनुसार व्यायाम देणारं हे ॲप तुमचंच आहे, तेव्हा ते कसं चालतं हे मी आणखी सांगत बसत नाही.

नाव नोंदवताना तुमची प्रश्नावली विचारते, ‘हातात मुंग्या येतात का?’ मी ‘हो, उजव्या हातात’ असं भरलं. लगेच हिरवी खूण आली, ‘खास तुमच्यासाठी आखलेला प्लॅन तयार आहे’ असं झळकलं आणि खात्यातून २,४९९ रुपये गेले. आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याची नुसती मान आखडते. त्याने त्याच प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं. त्याचा खास प्लॅन आणि माझा खास प्लॅन शेजारी शेजारी फोन ठेवून पाहिला, दोन्ही सारखेच. मग तो प्रश्न विचारता कशाला?

पहिल्या लेव्हलबद्दल तक्रार नाही. हनुवटी आत ओढणं, खांदे मागे घेणं, ठीक. पण पुढची लेव्हल आपोआप उघडली आणि त्यात मान मागे टाकून गोल फिरवायची. वीस तारीख जवळ आलेली, जीएसटी रिटर्नची धावपळ, त्यातही मी नेमाने केलं. कोपराशी थांबणाऱ्या मुंग्या अंगठ्यापर्यंत उतरल्या. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हातात मुंग्या येतात का?’ फरक इतकाच की त्यांनी उत्तर ऐकून घेतलं. मानेतली नस दबत असेल तर दुखऱ्या बाजूला मान मागे वळवल्यावर ती आणखी दबू शकते, म्हणून हा व्यायाम आधी बंद करा, असं त्यांनी सांगितलं. लॅपटॉप स्टँडवर चढवून वेगळा कीबोर्ड घ्यायला आणि अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायलाही सांगितलं. तुमचं ॲप उठायची आठवण करतं खरं, पण ती वाचायला टेबलावरच्या फोनवर मान घालावी लागते. ‘डोकं ६० अंश झुकलं की मानेवर सुमारे २७ किलो भार’ हे वाक्यही तुम्ही तिथेच लिहून ठेवलंय.

आता आजचा फोन. तुमच्या प्रतिनिधीला मी हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. आधीच्या तक्रारीची नोंद त्याच्यासमोर असूनही त्याने ती वाचलेली नव्हती. मुंग्या वाढल्या म्हटल्यावर तो उत्साहाने म्हणाला, ‘ये तो अच्छी बात है मॅडम, मतलब एक्सरसाइज काम कर रही है.’ मी विचारलं, हे कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? तर म्हणे, ‘हमारे सिस्टम में यही लिखा है.’ सीनियरना फोन द्या म्हटलं, सीनियर मीटिंगमध्ये. मग मला होल्डवर ठेवलं. परत आला आणि म्हणाला, ‘मॅडम, इश्यू का एक स्क्रीनशॉट भेज दीजिए.’ मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ‘कशाचा?’ तर, ‘जो टिंगलिंग हो रही है, उसका.’ मुंग्यांचा स्क्रीनशॉट! हसावं की रडावं कळेना. काढता आला असता तर पाठवलाही असता, रंगीत. फोन ठेवतोय तोच मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कृपया पाच तारे द्या.’

त्या मुलावर माझा राग नाही. समोर जे लिहून ठेवलंय तेच तो वाचणार. ते लिहिलं कोणी, हे मला हवंय. तुमच्या जाहिरातीत ‘फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली’ असं मोठ्या अक्षरात आहे. मग हाताला मुंग्या येतात असं भरलेलं उत्तर त्यातल्या एकाही फिजिओथेरपिस्टच्या नजरेला का पडलं नाही?

वर्गणी बंद करायची सोय तर अशी दडवलेली की आधी सर्वेक्षण भरा, मग ४० टक्के सवलत नाकारा आणि शेवटी ‘ग्राहक सेवेला फोन करा’. म्हणजे पुन्हा तोच स्क्रीनशॉट. सबस्क्रिप्शनचा असा सापळा केंद्र सरकारच्या २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये नावानिशी नोंदलेला आहे. तुमच्या कायदा विभागाला माहीत असेलच.

तेव्हा १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करा, ऑटोपे रद्द करा आणि मी भरलेली आरोग्याची माहिती पुसून तसं लेखी द्या. ‘हो’ भरणाऱ्याला आणि ‘नाही’ भरणाऱ्याला एकच व्यायाम का, याचं उत्तरही लेखीच. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार माझ्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही, तुमच्या प्रीमियमसारखं नाही ते.

ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हे ॲप मीच सुचवलं होतं. आता त्यांच्यापैकी कोणाच्या हातात मुंग्या येतात, हे मीच विचारत फिरते आहे. हे काम तुमचं होतं.

उत्तर ईमेलवरच द्या. फोन करू नका.

आपली (अजून तरी) ग्राहक

सोबत : पैसे भरल्याची पावती, दोन्ही प्लॅनचे स्क्रीनशॉट. मुंग्यांचा उपलब्ध नाही.