शाळेला "नाही" कळवलं, त्याबद्दल

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल तिथल्या शाळेत फोन करून मी चित्रकला शिक्षिकेच्या जागेवर येत नसल्याचं कळवलं. बाबा, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, आईने "जेवलीस का" विचारलं असतं, आणि मला जे पूर्ण सांगायचंय ते राहूनच गेलं असतं.

त्या जागेसाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते मला माहीत आहे. गुडघा धरून जिने चढलात. नोकरी चांगलीच आहे, आणि शिकवायला मला आवडतं. इथे शनिवार-रविवारी मुलांचे क्लास घेतेच आहे, त्यातून खोलीचं भाडं निघतं. पुस्तकांच्या आतल्या चित्रांचं कामही मिळतं. शिवाय आधीच्या ऑफिसातल्या नोकरीतले साठवलेले पैसे आहेत, तेव्हा माझ्यासाठी एफडी मोडायचा विचारही करू नका.

ती नोकरी सोडली तेव्हा "दमले" एवढंच बोलले होते. आई, तुला दृष्ट लागल्यासारखं वाटलं, बाबांना बी-१२ कमी असेल असं वाटलं. तपासून घेतलं, थायरॉइडही बघितलं, सगळं ठीक आहे. काय होत होतं ते सांगते. कॅनव्हास ताणलेला, जेसोचा पांढरा थर लावून, घासून गुळगुळीत केलेला. समोर बसले की पहिला रंग लावायच्या आधीच डोक्यात सुरू व्हायचं: हे गॅलरीवाल्यांना चालेल का, असं आधी कुणी केलंय का, लोक काय म्हणतील. रंग पॅलेटवर सुकून जायचा. ऑफिसात वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या पसंतीची डिझाइनं केली, "अजून तीन ऑप्शन पाठवा" ऐकलं, आणि रेघ मारायच्या आधी तिची मंजुरी शोधायची हाताला सवय लागली. विश्रांती घेऊन ती जात नव्हती. सुट्टीत तुमच्याकडे आले होते तेव्हाही वही उघडून मिटत होते, ते आईने पाहिलंच होतं.

ती सवय सुटायला लागली ती कसबा पेठेत आल्यावर. खोलीपासून तांबट आळी जवळ आहे. तांब्याच्या भांड्यांवर तिथे अजून हाताने मठारकाम करतात. ठोक्याला लागून ठोका असा सगळ्या भांड्यावर बसतो, त्याने नक्षी उठते आणि पत्राही कणखर होतो. मी हातोडीवाला हात काढायला लागले. तो थांबत नाही, त्यामुळे चित्र पूर्ण होणं शक्यच नसतं. अर्धा हात काढला की पुन्हा त्याच कागदावर, त्यावरच, दुसरा. चांगलं-वाईट ठरवायला सवडच मिळत नाही. घरी येऊन बघितलं तर कागद काळा झाला होता, आणि त्यातल्या दोन-तीन रेघा माझ्या होत्या. खूप दिवसांनी माझ्या.

मग नेम केला. कागद अप्पा बळवंत चौकातून आणलेला, सगळ्यात स्वस्त. फक्त काळी शाई, खोडरबर नाही, आणि कुणालाही दाखवायचं नाही. दुपारी केळकर संग्रहालयात जाते. अडकित्ते, वज्र्या, दिवे, एकेक वस्तू नुसती बघायची आणि बाहेर येऊन आठवणीतून काढायची. बाबा, एलिमेंटरीचं स्मरणचित्र आठवतंय? मी रडकुंडीला यायचे आणि तुम्ही म्हणायचात, डोळे मीट, आता सांग, कपाचा कान कुठल्या बाजूला होता? तेच करते आहे. आठवणीतून काढताना जे लक्षात राहिलं तेवढंच येतं आणि बाकीचं आपोआप गळतं. माझ्या चित्रांत किती फापटपसारा होता ते त्यातून कळलं.

ते सगळं संग्रहालय दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकलं. वस्तू गोळा करण्यात कमलाबाईंचीही साथ होती. तिथे गेले की तुमच्या दोघांची फार आठवण येते. २०१९च्या पुरात पाणी अंगणात आलं तेव्हा तुम्ही माळ्यावर आधी माझ्या इंटरमिजिएटच्या चित्रांचं बाड चढवलंत, गाद्या नंतर. मी त्यावर कधी काही बोलले नाही.

आता एक रंग घेतला आहे, गेरू. मोठा कॅनव्हास अजून भिंतीकडे तोंड करून आहे आणि मला त्याची घाई नाही. बाबा, तुम्ही विचाराल, वर्षभरात चित्रं किती होणार? गायतोंडे एवढे मोठे चित्रकार, नागपूरला जन्मलेले. त्यांची वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. १९८४च्या अपघातानंतर काही वर्षं तर त्यांनी कॅनव्हासला हात लावला नाही, छोट्या कागदांवर काम केलं, आणि पुढे परत मोठी चित्रं केली. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण थांबलेला हात छोट्या कागदावरून परत येऊ शकतो एवढा धीर मला त्यातून मिळतो. हे वर्ष मला इथेच हवं आहे. सांगलीत तुमच्याजवळ मी पुन्हा लाडकी होईन, आयतं खाईन, आणि हे मागे पडेल. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही, एवढं माना.

खोली चांगली आहे. उत्तरेचा उजेड येतो, पाणी सकाळी भरपूर असतं, डबा खालच्या काकूंकडून. भाकरी तुझ्यासारखी पातळ नसते, पण गरम असते. मैत्रीण शेजारच्याच खोलीत आहे, रात्री एकटी नसते.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही. मी आठवडाभर येते, ड्रॉप्स मी घालीन, तू ओट्यापाशी फिरकायचं नाहीस. घाबरू नकोस. पिकलेलं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेड अडवतं. ते काढलं की निळा रंग पुन्हा स्वच्छ दिसतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही १९२३ साली हेच ऑपरेशन झालं, आणि नंतर तो पुन्हा चित्रं काढत होता. तुझी निळी इरकल आत्ता एकदा उजेडात नीट बघून ठेव. ऑपरेशननंतर परत बघ आणि काय फरक वाटला ते मला सांग. मला ते खरंच हवं आहे.

बाबा, बीपीची गोळी सकाळी, चहाबरोबर, "नंतर घेतो" नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. आणि शाळेत माफी मागायला तुम्ही जाऊ नका. ते जिने परत चढायचे नाहीत. मी आले की हेडसरांना स्वतः भेटेन.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे क्लासच्या मुलांना सुट्टी सांगता येईल.

तुमची,
मनू