बोटं रुसली, चेहरा चालला

संपादक महोदय,

नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत अर्धा दिवस मोडायचा, हे ठरलेलं. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’, म्हणजे बोटांचे ठसे घेऊन हयातीचा डिजिटल दाखला देणारी सरकारी सोय, आली खरी, पण शिवणकाम करून माझ्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र दरवेळी नाही म्हणायचं, आणि जिवंत मी समोर उभी! २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. यंदा नातवाने मोबाइल धरला, मी डोळे मिचकावले, आणि थोड्या वेळाने दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आला. सरकारी बँकेबद्दल असं कधी लिहीन, वाटलं नव्हतं.

आमच्या शाखेतलं पासबुक छापायचं यंत्र मात्र गणपतीपासून बंद आहे. त्यावर चिकटवलेला ‘दुरुस्ती चालू’चा कागदही आता पिवळा पडलाय.

– एक कुटुंब निवृत्तिवेतनधारक