पावती मी देतो, मग पोलिसांनी का देऊ नये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं हाच धंदा करतोय. पत्र लिहायची सवय नाही त्यामुळे मांडणी इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या, पण विषय महत्त्वाचा वाटतो म्हणून लिहितोय.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेदहाच्या सुमाराला अभ्यासिकेतून मित्राबरोबर घरी येत होता, नाकाबंदी होती, लायसन्स बघितलं, पीयूसी बघितलं, सगळं ओके होतं, आणि मग म्हणाले मोबाईल दे, लॉक उघड. त्याने उघडला. रस्त्याच्या कडेला बॅरिकेडला टेकून एकाने व्हॉट्सअॅप वाचलं, गॅलरी चाळली, त्यात माझ्या बहिणीचे ऑपरेशननंतरचे हॉस्पिटलातले फोटो होते तेही बघितले, पंधरा-वीस मिनिटांनी फोन हातात दिला आणि जा म्हणाले. कुठे नोंद नाही, कागद नाही, काय शोधत होते तेही सांगितलं नाही. पोराने दोन दिवस घरी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आला आणि हळूच विचारलं, "मामा, फोनमधलं सगळं कायमचं उडवता येतं का?" काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मग सगळं बाहेर आलं.

संपादक साहेब, माझ्याकडे कुणी फोन टाकून जातं तेव्हा मी पावती करतो. नाव, मॉडेल, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर, काय बिघडलंय, कधी मिळेल, आणि खाली सही. टेस्टिंगला लॉक उघडावा लागणार असेल तर गिऱ्हाईकाला विचारतो, आणि बहुतेकदा त्यालाच समोर उभं करून उघडायला लावतो. कारण फोनमध्ये काय असतं ते मला माहितीये. बँकेचे मेसेज, डॉक्टरचे रिपोर्ट, पोरीचं आईशी झालेलं भांडण, नवऱ्याला न सांगता भावाला पाठवलेले पैसे. "लपवण्यासारखं नसेल तर घाबरायचं कशाला" असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या काउंटरमागे बसून बघावं, प्रत्येकाकडे दुसऱ्याने बघू नये असं काहीतरी असतंच आणि त्यात गुन्हा काडीचाही नसतो.

मी बारावी शिकलेला माणूस, पण या प्रकरणानंतर बरंच वाचून काढलं. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलंय. अटक करताना काय काय करायचं, अटकेचा लेखी मेमो करायचा, नातेवाइकाला कळवायचं, पोलिसाने नावाची पट्टी लावायची, हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालात १९९६ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे हक्क आहेत, पण ते निकालांच्या जाड फायलीत आहेत आणि रात्री साडेदहाला बॅरिकेडपाशी पोचत नाहीत, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, बंद होता, पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने फक्त लाईक केलं, दोघींना अटक झाली. त्यावरून कोर्टात लढा झाला आणि ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करू देणारं आयटी कायद्याचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. आता वाटेल की विषय संपला, तर नाही, पोलीस पुढेही त्याच मेलेल्या कलमाखाली केसेस टाकत राहिले, २०१९ ला कोर्टाला सांगावं लागलं की निकालाची प्रत प्रत्येक राज्याच्या मुख्य सचिवांकडे पाठवा, आणि २०२१ ला कोर्ट परत म्हणालं की हे धक्कादायक आहे. सहा वर्षं! दिल्लीत रद्द झालेलं कलम पोलीस ठाण्यापर्यंत रद्द व्हायला सहा वर्षं पुरली नाहीत, तर साध्या फोन तपासणीची काय कथा.

घटना समितीत एप्रिल १९४७ मध्ये बंगालचे सोमनाथ लाहिरी म्हणाले होते की मसुद्यातले बरेच मूलभूत हक्क पोलीस कॉन्स्टेबलच्या नजरेतून लिहिलेत. तेव्हा ते कितपत पटलं असेल माहीत नाही, मला मात्र आज वाचताना पटलं. कलम २२ बघा, अटकेचं कारण सांगा, वकील करू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या, आणि लगेच खाली लिहिलंय की प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून डांबलं तर, यातलं काही लागू नाही. बाबासाहेबांनी कलम ३२ ला घटनेचं हृदय आणि आत्मा म्हटलं कारण हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं, ते खरंच आहे, पण पंधरा मिनिटांच्या फोन तपासणीसाठी एक विद्यार्थी दिल्लीला वकील कुठून करणार? त्याला जिल्ह्यातच दाद मिळाली पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी की महाराष्ट्राने नागरिक हक्कांचा स्वतःचा कायदा करावा, सरकारला आणि पोलिसांना कुठे थांबायचं हे सांगणारा, आणि तो सोप्या मराठीत असावा. राज्याला हे जमेल का असं विचारतील. पोलीस हा विषय घटनेत राज्याच्याच यादीत आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचं राज्य आहे, देश नाही, राज्य, त्यांनी २००६ मध्ये स्वतःची हक्कांची सनद कायदा म्हणून केली आणि त्यात असं आहे की नवीन विधेयक मांडताना ते हक्कांशी जुळतं की नाही हे सभागृहाला लेखी सांगावं लागतं. ही एकच तरतूद इथे आली तरी किती फरक पडेल बघा. आणि महाराष्ट्राला यात नवखं कुणी समजू नये, रोजगार हमी आपण १९७७ ला कायद्यात आणली, केंद्राने २००५ ला. माहितीचा अधिकार आपला २००२ चा, केंद्राचा २००५ चा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही आपलाच. हक्क द्यायच्या बाबतीत हे राज्य दिल्लीची वाट बघत बसलेलं नाही.

मसुद्यात काय हवं ते वकील मंडळी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील, पण माझ्या दृष्टीने पहिलं कलम फोनचं. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय रस्त्यावर कुणाचा फोन उघडायचा नाही, खरोखर कुणाचा जीव धोक्यात असेल तर अपवाद करा पण तेव्हाही कारण लिहून, वेळ टाकून, अधिकाऱ्याच्या सहीची पावती जागेवर द्यायची. अटकेचं कारण माणसाला कळेल त्या भाषेत लेखी द्यायचं, हे तर वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंच आहे, ते नुसतं कायद्यात उतरवायचंय. आणि मोडलं तर दंड. सेवा हक्क कायदा २०१५ चा आहे आपला, दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्याला उशीर झाला तर दंड आणि पोराचं अख्खं खाजगी आयुष्य रस्त्यावर चाळलं तर काहीच नाही, हे पटत नाही.

हे पोलिसांच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नका. माझे दोन वर्गमित्र खात्यात आहेत, बारा-बारा तास ड्युटी करतात, सण त्यांनी घरी कधी बघितलेले नाहीत. त्यातला एक मला म्हणाला, "वरून सांगतात फोन बघा, आम्ही नाही कसं म्हणणार?" कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तर त्यालाही वरच्याला नाही म्हणता येईल.

आता मसुदा कुणी करायचा. बंद खोलीत चार अधिकाऱ्यांनी करू नये असं मला वाटतं. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालायचं म्हणून जनसुरक्षा विधेयक आलं तेव्हा संयुक्त समिती नेमली होती, लोकांकडून सूचना मागवल्या, बारा हजारांच्या वर सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या विधेयकाबद्दल माझं मत वेगळं आहे, सरकारच्या हातात फार जास्त जातं असं मला वाटतं, पण इथे मुद्दा तो नाही. मुद्दा हा की सरकारला अधिकार देणाऱ्या विधेयकाचा मसुदा इतके लोक वाचून सूचना पाठवतात, म्हणजे लोकांना यात रस आहे, अक्कलही आहे. मग नागरिकाला हक्क देणाऱ्या विधेयकासाठी तशीच समिती नेमा, तशाच सूचना मागवा, जिल्ह्याजिल्ह्यात सुनावणी घ्या. नाशिकला घेतलीत तर मी दुकान बंद ठेवून येईन.

भाच्याला मी सांगितलं फोनमधलं काही उडवू नकोस, आईचे फोटो तर मुळीच नको. या पत्राची एक प्रत आमच्या भागातल्या आमदारांना आज स्पीड पोस्टाने पाठवतोय, त्याची पोचपावती जपून ठेवणार आहे. पुढच्या अधिवेशनात कुठल्याही पक्षाच्या सदस्याने असं अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, मांडायची तयारी दाखवली तर आपल्या पेपरने त्याचा मसुदा पूर्ण छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, मोबाईल दुरुस्ती व्यावसायिक, नाशिक