डाग राहू दिला

आर्वी,
तान्हा पोळा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

आबांचं घड्याळ चालू झालं! काल उशाशी घेऊन झोपलो, तर तुझी आई म्हणते, "रातभर हे टिकटिक कोन ऐकन?" तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. ऐकणाऱ्याला झोप येत नाही, हे खरंच.

ओरिजनल आहे का, असं तू विचारलं होतंस. आहे. अमरावतीच्या घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण काढून भिंगातून दाखवलं. यंत्रावर एचएमटी कोरलेलं, चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले सतरा खडे. वरून आपल्यासारखं एचएमटीचं 'जनता' मॉडेल अन् आत भलतेच पार्ट, अशीही घड्याळं त्यांच्याकडे येतात. 1961 साली बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं हा कारखाना निघाला. 2016 ला सरकारनं घड्याळ कंपनी गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा आपण रेडिओवर ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता जुन्यावर उड्या पडतात. तू फोटो पाठवलास ते निळंशार मात्र घेऊ नको. आकडे वाकडे आहेत, मिनिटाच्या रेषा काठाला सारख्या नाहीत. तबकडी नंतर रंगवलेली दिसते.

आपल्याचं दुखणं साधंच निघालं. जुनं तेल वाळून डिंकासारखं चिकटलेलं. काकांनी सगळं सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं, अन् सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल एकेका खड्याला दिलं. काच म्हणजे प्लास्टिकच. ती मी घरी टूथपेस्टनं घासली. अर्धा दिवस गेला, ओरखडे बरेच गेले.

तबकडीही नवी करून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. सहाच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे ना, तो माझा. सहावीत असताना न विचारता घड्याळ घातलं अन् तसाच विहिरीत उडी मारली. आबांना सांगितलं, तुमच्या घामानंच झालं असेल. ते काही बोलले नाहीत. पण पुढं कोणी डागाबद्दल विचारलं की, "वावरातल्या डवरनीचा घाम हाय तो," असं ऐटीत सांगायचे. त्यांना खरं माहीत होतं की नाही, कोण जाणे.

रोज सकाळी एकाच वेळी चावी दे. अडली की थांब, जोर लावू नको. दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं, तेवढं चालवून घे.

दिवाळीला आलीस की घेऊन जा. पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागेल. मनगटाचं माप दोऱ्यानं घेऊन कळव.

तुझे बाबा